विश्लेषण : वालाच्या बिरड्यामागचे विज्ञान शोधणाऱ्या कमला सोहोनी कोण होत्या?

भातकापणी झाली की बदलापूर-वांगणीकडच्या शेतांत जमिनीतल्या ओलीवर वाल पेरले जातात. थंडीत शेंगांची पोपटी लागते आणि पुढे वर्षभर कडव्या वालांचे बिरडे घरोघरी शिजते. वाल रात्री भिजत घालायचे, पाणी टाकून द्यायचे, मोड आणायचे, सोलायचे आणि मऊ शिजवायचे, हा क्रम घरातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. वाल कच्चे का खाऊ नयेत, याचे उत्तर शोधण्यात मुंबईतील एका मराठी शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. त्या म्हणजे डॉ. कमला सोहोनी.

कमला सोहोनी यांची पार्श्वभूमी काय?

माहेरच्या त्या कमला भागवत. जन्म १९११ मध्ये इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते आणि दोघांचेही शिक्षण बंगळूरुच्या विज्ञान संस्थेत झाले होते. ज्येष्ठ लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. कमलाबाईंनी १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदवी घेतली. वडील आणि काकांप्रमाणेच आपणही बंगळूरुला संशोधन करायचे, हे त्यांचे आधीच ठरले होते.

प्रवेश का नाकारला गेला?

गुणांत त्या कुठेही कमी नव्हत्या. अडचण एवढीच, की त्या मुलगी होत्या. त्या वेळी संस्थेचे संचालक नोबेल विजेते सी. व्ही. रामन होते. त्यांनी अर्ज फेटाळला. कमलाबाई स्वतः बंगळूरुला गेल्या, कारण विचारले आणि सत्याग्रहाची तयारी दाखवली. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष तो प्रवेश नियमित धरला जाणार नव्हता, कामाबाबत रामन यांचे समाधान झाल्यावरच त्याला मान्यता मिळणार होती. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, अगदी रात्री उशिरापर्यंतही, काम करावे लागणार होते आणि त्यांच्यामुळे पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये, असेही बजावण्यात आले. हा अपमान त्या विसरल्या नाहीत, मात्र वर्षभर झटून काम केले. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि डाळींतील प्रथिनांचा अभ्यास केला. १९३६ मध्ये त्या विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण झाल्या. त्यानंतर संस्थेची दारे इतर मुलींसाठीही उघडली.

केंब्रिजमध्ये त्यांनी काय शोधले?

१९३७ मध्ये त्या केंब्रिजला गेल्या. जीवनसत्त्वांवरील कामासाठी नोबेल मिळवलेले फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी सुरुवात केली आणि पुढे रॉबिन हिल यांच्यासोबत वनस्पतींच्या पेशींवर काम केले. हिल हे प्रकाशसंश्लेषणाच्या संशोधनातले मोठे नाव. पानातून वेगळे काढलेले हरितलवकही प्रकाशात प्राणवायू बाहेर सोडू शकते, हे त्यांनी दाखवले होते.

वनस्पती सूर्यप्रकाश, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून साखर बनवते. पण ती साखर वापरून जगण्यासाठी लागणारी ऊर्जा मिळवायची, तर तिलाही आपल्यासारखे श्वसन करावे लागते. या प्रक्रियेत ‘सायटोक्रोम सी’ नावाचे प्रथिन इलेक्ट्रॉनची ने-आण करते. हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असते, हे कमलाबाईंनी बटाट्यावर काम करताना दाखवले. थोडक्यात, बटाट्याची पेशी आणि तो खाणाऱ्या माणसाची पेशी ऊर्जा मिळवण्यासाठी सारखीच यंत्रणा वापरतात. अवघ्या ४० पानांच्या प्रबंधावर १९३९ मध्ये त्यांना पीएचडी मिळाली. विज्ञान शाखेत पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

वालाचा आणि पचनाचा संबंध काय?

त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय आणि कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा येथे काम केल्यानंतर १९४७ मध्ये विवाह झाला आणि त्या मुंबईत आल्या. येथील विज्ञान संस्थेच्या जीवरसायन विभागात त्यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून एक प्रश्न घेतला : गरिबाच्या ताटातल्या अन्नातून नेमके पोषण किती मिळते?

डाळी-कडधान्यांत प्रथिने भरपूर असतात. पण प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबच लांब साखळी. ती तोडल्याशिवाय शरीराला उपयोगी पडत नाही. तोडण्याचे काम विकरे करतात. जठरात पेप्सिन हे विकर सुरुवात करते. पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाकडून आलेले ट्रिप्सिन साखळीचे तुकडे करते आणि इतर पाचक विकरांनाही कामाला लावते. कच्च्या कडधान्यांत मात्र ट्रिप्सिनला अडवणारे घटक असतात. कुलुपात भलतीच किल्ली अडकून बसावी, तसे ते ट्रिप्सिनला चिकटतात. मग प्रथिन पोटात जाते, पण पुरते पचत नाही. बियाण्याच्या दृष्टीने हे संरक्षण आहे, कारण कीड त्यामुळे दूर राहते.

सोहोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय अन्नपदार्थांतील असे घटक तपासले. वालातील ट्रिप्सिनरोधक स्फटिकरूपात वेगळा काढण्याचे त्यांचे काम १९५५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झाले. हे रोधक स्वतः प्रथिनेच असतात. अंड्याचा पांढरा बलक उष्णतेने बदलतो, तशी त्यांची रचना नीट शिजवल्यावर मोडते आणि ट्रिप्सिन मोकळे होते. म्हणूनच वालाचे बिरडे असो किंवा उल्हासनगरात दालपकवानसोबत मिळणारी हरभऱ्याची डाळ, ती बोटाने चेपली जाईल इतकी शिजणे पचनासाठी आवश्यक असते.

नीरेवरील संशोधन का गाजले?

राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला. नीरा म्हणजे ताड-शिंदीचा ताजा गोड रस. झाडाच्या पानांनी प्रकाशसंश्लेषणातून बनवलेली साखर त्यात असते. उन्हात राहिला तर यीस्टमधील विकरे त्या साखरेचे मद्य करतात आणि नीरेची ताडी होते. ताज्या नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह असल्याचे सोहोनी यांना आढळले. कुपोषित आदिवासी किशोरवयीन मुले आणि गर्भवतींच्या आहारात नीरा दिल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा दिसली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. अंबरनाथ तालुक्यातील ठाकूर-कातकरी पाड्यांपासून ताड-शिंदीची झाडे दूर नाहीत. महागडे पूरक अन्न आणण्याआधी जवळ उगवणारे तपासून पाहावे, हा या संशोधनाचा धडा तेथे आजही लागू पडतो.

निवृत्तीनंतर त्या काय करत होत्या?

विज्ञान संस्थेच्या संचालकपदासाठीही त्यांना ताटकळावे लागले, पण त्या पदावर त्या पोहोचल्या. १९६९ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी ग्राहक चळवळीत काम केले. कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडियाच्या त्या १९८२-८३ मध्ये अध्यक्ष होत्या. ग्राहकाच्या सुरक्षिततेवर त्या संस्थेच्या ‘कीमत’ मासिकात नियमित लिहीत.

१९९८ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले. ज्या बंगळूरुच्या संस्थेने त्यांना आधी दारातूनच परत पाठवले होते, तेथे आज मुली सर्व शाखांत संशोधन करतात. त्यांच्यापैकी कोणालाही मुलगी आहे म्हणून वर्षभर परीक्षेवर राहावे लागत नाही.