विश्लेषण : ग्रीनलँड बेट, मग ऑस्ट्रेलिया खंड कसा? वेगेनर यांचा शोध आणि धाराशिवचा काळा कातळ

धाराशिव : ग्रीनलँड हे जगातील सर्वांत मोठे बेट. क्षेत्रफळ सुमारे २१.६६ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे त्यात सात महाराष्ट्र मावतील. ऑस्ट्रेलियाही चारही बाजूंनी समुद्राने वेढलेला आहे, पण तो खंड मानला जातो. या फरकाचे उत्तर आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाच्या कामात सापडते. खंड सरकतात, हे सविस्तर पुराव्यांसह मांडणाऱ्या वेगेनर यांचा मृत्यू ग्रीनलँडच्याच बर्फात झाला. त्यांच्या शोधाचा धागा थेट धाराशिव-लातूरच्या १९९३च्या भूकंपापर्यंत येतो.

कोण होते वेगेनर?

वेगेनर यांचा जन्म १ नोव्हेंबर १८८० रोजी बर्लिनमध्ये झाला. त्यांनी डॉक्टरेट खगोलशास्त्रात मिळवली आणि काम हवामानशास्त्रात केले. १९०६ मध्ये भाऊ कुर्ट यांच्यासोबत बलूनमधून सलग ५२ तास हवेत राहण्याचा विक्रम त्यांनी केला. त्याच वर्षी ते पहिल्यांदा ग्रीनलँडच्या मोहिमेवर गेले. १९१२-१३ च्या दुसऱ्या मोहिमेत त्यांनी तिथला बर्फाचा पठारी प्रदेश पायी आणि घोड्यांच्या मदतीने ओलांडला.

नेमका सिद्धांत काय?

जानेवारी १९१२ मध्ये फ्रँकफर्ट येथे त्यांनी खंडवहनाची कल्पना मांडली. १९१५ मध्ये त्यावर पुस्तक आले. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेचे किनारे एकमेकांत बसतात, हे अनेकांनी पाहिले होते. वेगेनर यांनी त्याला जीवाश्मांची आणि खडकांची जोड दिली. ग्लोसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीचे अवशेष भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिकेत सापडतात. आपल्याकडे विदर्भातील खडकांतही ते मिळतात.

हे खंड पूर्वी जमिनीच्या पुलांनी जोडलेले होते आणि ते पूल पुढे समुद्रात बुडाले, असे तेव्हाचे बहुतेक भूवैज्ञानिक मानत. वेगेनर यांनी आक्षेप घेतला. खंड ग्रॅनाइटसारख्या हलक्या खडकांचे आणि समुद्राचा तळ बसाल्टसारख्या जड खडकांचा असेल, तर हलका खडक जड खडकात बुडणार कसा? म्हणजे पूल नव्हतेच. खंडच एकत्र होते आणि नंतर दूर गेले.

मग बेट आणि खंड यांत फरक काय?

किती क्षेत्रफळाच्या पुढे खंड, असा जगभर मान्य आकडा नाही. काही भाग रूढीने ठरला आहे. तरी भूविज्ञान दोन गोष्टी पाहते : जमिनीखालचा खडक कोणता आणि ती कोणत्या भूपट्टावर, म्हणजे टेक्टॉनिक प्लेटवर आहे.

ऑस्ट्रेलिया सुमारे ७७ लाख चौरस किलोमीटरचा, ग्रीनलँडच्या साडेतीन पट आहे आणि आपल्या भूपट्टावरचा तो मुख्य भूभाग आहे. ग्रीनलँडचा खडक खंडाचाच आहे, पण ते उत्तर अमेरिकेच्या भूपट्टावर आहे. म्हणून ते बेट. त्याखालोखाल मोठी असलेली न्यू गिनी (सुमारे ७.८६ लाख चौरस किलोमीटर), बोर्निओ (सुमारे ७.४ लाख) आणि मादागास्कर (सुमारे ५.८७ लाख) हीदेखील मुख्यतः खंडांशी नाते सांगणारी बेटे आहेत. आइसलँड किंवा रियुनियनसारखी बेटे मात्र समुद्रतळातून आलेल्या ज्वालामुखीने घडली.

धाराशिवशी संबंध काय?

सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर भारतापासून वेगळा झाला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले, तेव्हा भारत आशियाला जोडलेला नव्हता. धाराशिव शहराजवळची लेणी याच काळ्या कातळात कोरली आहेत. भूकंपानंतर किल्लारीत घेतलेल्या खोल विवरात बसाल्टचा थर सुमारे ३३८ मीटर जाडीचा निघाला. त्याखाली खंडाचा अतिप्राचीन खडक लागला. म्हणजे वर लाव्हा असला तरी पाया खंडाचाच आहे.

पुढे भारत आशियाला धडकला आणि हिमालय उभा राहिला. भारतीय भूपट्ट आजही वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो. हा दाब भूपट्टाच्या आतल्या जुन्या भेगांवरही येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या किल्लारी भूकंपामागे हेच मुख्य कारण मानले जाते. सास्तूरसह धाराशिव जिल्ह्यातील गावांनाही त्याचा जबर फटका बसला. सुमारे दहा हजार माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे ओझे झोपलेल्या लोकांवर कोसळले.

वेगेनर यांना मान्यता कधी मिळाली?

हयातीत मिळाली नाही. खंड कोणत्या बळाने सरकतात, याचे त्यांनी दिलेले स्पष्टीकरण अपुरे होते आणि टीकाकारांनी त्यावरच बोट ठेवले. १९३० मध्ये ते पुन्हा ग्रीनलँडला गेले. किनाऱ्यापासून ४०० किलोमीटर आत, आइसमिट्टे तळावर हिवाळा काढणाऱ्या सहकाऱ्यांपर्यंत ते ३० ऑक्टोबरला पोहोचले. १ नोव्हेंबरला, पन्नासाव्या वाढदिवशी, ते रास्मुस विलुमसेन या तरुण ग्रीनलँडवासी सोबत्यासह परत निघाले. दोघेही किनाऱ्यावर पोहोचले नाहीत. मे १९३१ मध्ये वेगेनर यांचा नीट पुरलेला देह सापडला. तो पुरणारे विलुमसेन कधीच सापडले नाहीत.

१९६० च्या दशकात समुद्रतळ पसरत असल्याचे पुरावे मिळाले आणि भूपट्टांचा सिद्धांत रुजला. पण भूपट्टाच्या मध्यभागी असल्याने मराठवाडा सुरक्षित आहे, हा समज १९९३ पर्यंत टिकून होता. तेव्हाच्या भूकंप नकाशात किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या नकाशात तो तिसऱ्या विभागात गेला.