सूर्यतेजाच्या उपासक : डॉ. मारिया तेल्केश

सूर्याला अर्घ्य देण्याची चाल आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्याच सूर्याचे तेज साठवून संसाराच्या कामी लावण्यासाठी ज्या विदुषीने आपले आयुष्य वेचले, तिचा परिचय ज्ञातिबांधवांस व विशेषतः आपल्या कन्यांस करून द्यावा, असे वाटते.

डॉ. मारिया तेल्केश ह्यांचा जन्म हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे १२ डिसेंबर १९०० रोजी झाला. १९२४ साली भौतिक रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवून पुढील वर्षी त्या अमेरिकेस गेल्या. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सूर्याच्या उष्णतेने समुद्राच्या खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करणारे सुटसुटीत उपकरण तयार केले. तराफ्यावर अडकलेल्यांचे प्राण वाचावेत, हा त्याचा हेतू होता.

१९४८ साली मॅसॅच्युसेट्समधील डोव्हर येथे केवळ सूर्याच्या उष्णतेवर ऊबदार राहणारे घर उभे राहिले. वास्तुशिल्पज्ञ होत्या एलिनॉर रेमंड, द्रव्य पुरविले अमेलिया पीबडी ह्यांनी आणि उष्णता साठविण्याची योजना तेल्केशबाईंची. ग्लॉबरचे मीठ म्हणून ओळखला जाणारा सोडियम सल्फेटचा क्षार सुमारे ३२ अंश सेल्सिअसला वितळतो. वितळताना तो उष्णता शोषून घेतो व गोठताना ती परत देतो. दिवसाची ऊब रात्री मिळावी, ती अशी.

आरंभी घर ऊबदार राहिले. परंतु पुनःपुन्हा वितळून गोठताना क्षाराचे थर वेगळे होऊन तळाशी बसू लागले. अखेर तेथे नेहमीची भट्टी बसवावी लागली. बाईंनी मात्र हाती घेतलेले काम टाकले नाही. १९५३ साली न्यूयॉर्क विद्यापीठात जाऊन त्यांनी सूर्यचूल सिद्ध केली. पुढे डेलावेअर विद्यापीठात १९७३ साली उभारलेल्या, सूर्यापासून वीज व उष्णता दोन्ही मिळविणाऱ्या घराच्या कार्यातही त्यांचा वाटा होता. ज्या क्षारांनी त्यांना दगा दिला, त्यांचाच अभ्यास त्यांनी पुढेही चालू ठेवला. २ डिसेंबर १९९५ रोजी, पंचाण्णवाव्या वाढदिवसास दहा दिवस उरले असता, जन्मगावी बुडापेस्ट येथेच त्यांचे देहावसान झाले.

शिक्षकाच्या पेशात एक गोष्ट मी वारंवार पाहिली. परीक्षेत मुलगा नापास झाला, तर त्यास पुन्हा बसवितात. मुलगी नापास झाली, तर तिच्यासाठी स्थळे पाहू लागतात. पहिल्या अपयशापाशी तेल्केशबाईंना कोणी असेच थांबविले असते, तर पुढील कार्य झाले नसते. आपल्या घरातील कन्येस दुसरी संधी देण्याचा निश्चय प्रत्येक कुटुंबाने करावा, एवढीच ह्या वृद्ध शिक्षकाची विनंती आहे.