अनुताई वाघ : बोर्डी-कोसबाडची शिक्षिका

दुर्गम शाळेवर ऑर्डर निघाली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, बदली कधी मिळेल? इथं राहून शिक्षण अडेल, पुढं जाता येणार नाही, ही भीती खोटी नाही. पण अनुताई वाघांची नोकरी बघा. ती उलट्या दिशेने गेली.

जन्म १९१०, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. त्या काळात तिथंच सगळं संपायचं. अनुताई मात्र शिकत राहिल्या. व्हर्नाक्युलर फायनल, मग पुण्यात ट्रेनिंग. चांदवडकडे खेड्यात शिकवलं, नंतर पुण्याच्या हुजूरपागेत नोकरी. दिवसा शिकवायचं, रात्रशाळेत शिकायचं, असं करून १९३७ ला मॅट्रिक.

१९४५ साली बोरिवलीच्या शिबिरात ताराबाई मोडक भेटल्या. पुण्यातली शिक्षिका बोर्डीला बालवाडी चालवायला निघाली! आज कुणी असं केलं तर स्टाफरूममध्ये काय बोलतील, सांगायला नको.

पुढं काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं शाळेत येईनात. येणार कशी? कुणाकडे गुरं, कुणाच्या कडेवर धाकटं भावंड. मुलांना दोष देण्यापेक्षा ताराबाई-अनुताईंनी शाळाच हलवली. पाड्यावर, घरापुढच्या अंगणात बालवाडी भरली, तीच अंगणवाडी. गुराख्यांसाठी कुरणशाळा. भावंडाला सोबत आणता यावं म्हणून पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकाच जागी. मुलांना आंघोळ घालण्यापासून सुरुवात. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, खडे. ट्रेनिंगमध्ये शैक्षणिक साधनांवर आपण कितीतरी तास ऐकतो, ही मात्र फुकटची आणि मुलांच्या ओळखीची होती.

आणि अडलेलं शिक्षण? १९६१ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्या बी.ए. झाल्या. पाड्यावरचं काम चालू ठेवूनच. माझ्या मते पदवीपेक्षाही मोठी वाढ ही, की पुण्यात दुसऱ्यांच्या पद्धतीने शिकवणारी बाई इथं स्वतःची पद्धत घडवू लागली. बालवाडीसाठी गाणी-गोष्टी लिहिल्या, इतर सेविकांना तयार केलं.

१९७३ ला ताराबाई गेल्या, सगळा भार अनुताईंवर आला. १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. आत्मचरित्राचं नाव 'कोसबाडच्या टेकडीवरून'. १९९२ च्या सप्टेंबरमध्ये त्यांचं निधन झालं.