रमाबाई रानडे : आठवणींच्या पुढचे आयुष्य

प्रास्ताविक

सोलापूरकरांना 'सेवासदन' हे नाव नवे नाही. शहरातील मुलींच्या कित्येक पिढ्या या नावाच्या शाळेत शिकल्या. मात्र ही संस्था मूळच्या पुणे सेवासदनाची शाखा आहे आणि त्या मूळ संस्थेच्या उभारणीमागे रमाबाई रानडे होत्या, याची जाणीव आपल्यापैकी थोड्यांनाच असेल. मराठीचे अभ्यासक म्हणून आपण रमाबाईंना 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या आत्मचरित्राच्या लेखिका म्हणून ओळखतो. हे पुस्तक १९०१ साली, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या निधनापाशी थांबते. रमाबाई मात्र त्यानंतर तेवीस वर्षे जगल्या आणि त्यांचे सार्वजनिक कार्य प्रामुख्याने याच काळातले आहे. केवळ पुस्तक वाचणाऱ्याला रमाबाई अर्ध्याच भेटतात. प्रस्तुत घटकात त्यांच्या आयुष्याचे हे दोन्ही भाग आपण एकत्र पाहणार आहोत.

जडणघडण

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे कुर्लेकरांच्या घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. त्या घरात मुलींना शिकविण्याची पद्धत नव्हती. १८७३ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, त्यांचा विवाह रानडे यांच्याशी झाला. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे होते आणि त्यांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या सुधारकाने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून कुमारिकेशी लग्न केले, म्हणून त्यांच्यावर टीका झाली. ती टीका अस्थानी नव्हती, हे आपण मान्य करावयास हवे. रानड्यांनी मात्र लग्नानंतर लगेच पत्नीच्या शिक्षणास प्रारंभ केला.

हे शिक्षण सुखाचे नव्हते. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना सुनेचे वाचन-लेखन मान्य नव्हते, इंग्रजी तर मुळीच नव्हते. टोमणे, अबोला आणि सोवळ्या-ओवळ्याचे निर्बंध सोसत रमाबाई शिकल्या. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांच्या प्रेरणेने आर्य महिला समाज स्थापन झाला. रमाबाई रानडे त्यात सहभागी झाल्या. १८८४ साली पुण्यात मुलींसाठी हायस्कूल काढण्याची मागणी पुढे आली. त्यासाठी भरलेल्या सभेत, मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांसमोर, रमाबाईंनी इंग्रजीतून निवेदन वाचले. त्यांचे वय तेव्हा अवघे बावीस वर्षांचे होते. घरी परतल्यावर कौतुक वाट्यास आले नाही; ऐकावी लागली ती बोलणी. ज्या शाळेसाठी हा खटाटोप झाला ती 'हुजूरपागा' या नावाने पुढे प्रसिद्धीस आली.

'स्वतः' या शब्दाविषयी

येथे आपण भाषेकडे थोडे लक्ष देऊ. पतीचे नाव न घेण्याच्या रूढीमुळे रमाबाई आपल्या आठवणींत रानड्यांचा उल्लेख अनेकदा 'स्वतः' या शब्दाने करतात. मराठीत 'स्वतः' हे आत्मवाचक रूप आहे. वाक्यातील ज्या व्यक्तीविषयी बोलणे चालले असेल, तिच्याकडे ते निर्देश करते. रमाबाईंच्या गद्यात मात्र पूर्वी कोणाचा उल्लेख नसतानाही ते एकाच व्यक्तीचे आदरवाचक नाव बनते. या पुस्तकाच्या एका इंग्रजी भाषांतराचे शीर्षकही याच शब्दावरून दिले गेले. घरात 'स्वतः' एकच होते. पुस्तकाच्या नावातील 'आमच्या' या बहुवचनातही रमाबाई त्यांच्या सावलीत उभ्या आहेत. एवढ्यावरून लेखिकेला स्वतःचे मत नव्हते असा निष्कर्ष काढला, तर तो चुकीचा ठरेल. तो का चुकीचा, याचे उत्तर पुस्तकाबाहेरच्या तेवीस वर्षांत आहे.

सेवासदन

वैधव्यानंतर काही काळ रमाबाई सार्वजनिक जीवनापासून दूर राहिल्या. १९०४ साली मुंबईत भारत महिला परिषद भरली, तेव्हा त्या अध्यक्षस्थानी होत्या. १९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल यांच्या पुढाकाराने मुंबईत सेवासदन निघाले. त्याचेही अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९०९ साली गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साह्याने पुणे सेवासदनाचे काम सुरू झाले ते रानड्यांच्या वाड्यातच. प्रौढ स्त्रियांचे वर्ग, शिवणकाम, शिक्षिकांचे आणि परिचारिकांचे प्रशिक्षण असा त्याचा विस्तार होत गेला. शाळेचे वय उलटून गेलेली स्त्री, विशेषतः विधवा, पुन्हा शिकू शकते आणि स्वतःच्या पायांवर उभी राहू शकते, हा या संस्थेमागील विचार होता. परिचारिकेच्या कामाकडे घरंदाज कुटुंबे त्या काळी कमीपणाने पाहत. अशा घरांतील स्त्रियांना या शिक्षणाकडे वळविणे हे वादविवादापेक्षा विश्वासाचे काम होते आणि तो विश्वास रमाबाईंनी मिळविला. मुक्त विद्यापीठातून उशिरा पदवीकडे वळलेल्या आपल्यापैकी अनेकींना या विचाराचे मोल वेगळे सांगावयास नको.

नगरपालिकेच्या दारात

१९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात एक कायदा झाला. नगरपालिकांना आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा त्याने दिली. पुण्यात लगेच प्रश्न उभा राहिला तो असा, की सक्ती मुलांपुरती ठेवावी की मुलींनाही लागू करावी? लोकमान्य टिळकांसह अनेकांचे म्हणणे असे होते, की पैसा अपुरा आहे, म्हणून आधी मुलांची सोय करावी. दुसऱ्या पक्षाला, ज्यात विठ्ठल रामजी शिंदे यांच्यासारखे सुधारक होते, हा क्रमच अमान्य होता. १९२०च्या आरंभी या वादाने पुणे ढवळून निघाले. रमाबाईंच्या पुढाकाराने स्त्रिया सभेत आणि रस्त्यावर एकत्र आल्या आणि मुलींच्या सक्तीच्या शिक्षणाची मागणी त्यांनी लावून धरली.

या वादातील खरा मुद्दा आपण नीट समजून घ्यावा. पैसा अपुरा असतो, तेव्हा प्रथम कोणी थांबावयाचे, हे ठरविणे म्हणजेच स्थानिक राजकारण. अडचण सर्वांची असते; थांबावयास मात्र मुलींना सांगितले जाते. ही मागणी तत्काळ पूर्ण झाली नाही. परंतु मुलींचा प्रश्न स्त्रियांना वगळून सोडविता येणार नाही, एवढे शहराला कळून चुकले. त्यानंतर रमाबाईंनी मुंबई इलाख्यातील स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीस बळ दिले आणि १९२१ साली इलाख्याच्या विधिमंडळाने स्त्रियांना मताधिकार मान्य केला. मालमत्तेच्या अटीमुळे त्याचा लाभ मोजक्याच स्त्रियांना मिळाला, हेही विसरता कामा नये.

समारोप

१९२४ साली रमाबाईंचे निधन झाले. १९६२ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. रमाबाईंनी रूढींशी उघड भांडण क्वचितच मांडले. घरातील वडीलधाऱ्यांची बोलणी त्यांनी ऐकून घेतली, पण वाचन सोडले नाही. लोकप्रिय नेत्याचा शब्द विरोधात होता, तरी मागणी मागे घेतली नाही. 'आठवणीं'त 'स्वतः' हा शब्द त्यांनी पतीसाठी राखून ठेवला. नगरपालिकेपुढे मात्र त्या स्वतः उभ्या राहिल्या.

सरावासाठी : (१) 'आठवणीं'तील कोणताही एक प्रसंग निवडून त्यातील 'स्वतः' या शब्दाचा उपयोग स्पष्ट करा. (२) आपल्या गावातील मुलींची पहिली शाळा कोणी, केव्हा व कोणाच्या विरोधास तोंड देऊन काढली, याची माहिती घरातील व परिसरातील ज्येष्ठ स्त्रियांना विचारून दोन पृष्ठांत लिहा.