जन्मजात गुन्हेगार आणि डॉक्टर लोंब्रोसो

मनुष्य चोर होतो तो जन्मानें कीं परिस्थितीनें, हा वाद जुनाच आहे. परंतु त्यांतील पहिल्या पक्षास शास्त्राचा पोशाख चढविणारा पुरुष म्हणजे इटलीचा डॉक्टर चेझारे लोंब्रोसो. नोकर ठेवतांना किंवा उधार देतांना ज्यांस आधीं माणसाची जात विचारण्याची संवय आहे, त्यांनीं तरी त्याचें चरित्र अवश्य लक्षांत घ्यावें.

लोंब्रोसोचा जन्म १८३५ सालीं व्हेरोना शहरीं एका यहुदी कुटुंबांत झाला. १८५८ सालीं वैद्यकीची पदवी मिळवून तो लष्करांत डॉक्टर झाला व तेथें शिपायांचीं अंगमापें घेण्याचा त्यास नाद लागला. पुढें वेड्यांच्या इस्पितळांतही त्यानें काम केलें. कॅलाब्रिया प्रांतांतील व्हिलेल्ला नांवाच्या, शिक्षा झालेल्या एका मनुष्याची कवटी तपासतांना तिच्या मागील भागीं त्यास एक खळगा आढळला. तेवढ्यावरून त्यानें अनुमान बांधलें कीं, गुन्हेगार म्हणजे सुधारलेल्या युगांत चुकून जन्मास आलेला रानटी मनुष्य होय! १८७६ सालीं त्याचा गुन्हेगारावरील ग्रंथ निघाला आणि त्याच सुमारास तूरीन येथें त्यास अध्यापकाची जागा मिळाली. मोठा जबडा, लांब हात, विचित्र कान, अंगावरील गोंदण, हीं त्याच्या मतें जन्मजात गुन्हेगाराचीं लक्षणें ठरलीं.

या गृहस्थाच्या पदरीं कांहीं पुण्यही आहे. शिक्षा देतांना केवळ गुन्ह्याकडे न पाहतां गुन्हेगाराकडेही पाहावें आणि वेड्यास तुरुंगांत न कोंडतां इस्पितळांत ठेवावें, हें त्यानें हिरीरीनें मांडलें. दारिद्र्य, मद्यपान इत्यादि कारणांसही त्यानें पुढें स्थान दिलें आणि जन्मजात गुन्हेगार एकंदरीच्या सुमारें तृतीयांशच असतात असें कबूल केलें. पण बीज पेरून झालें होतें. १९०९ सालीं तो वारला. १९१३ सालीं चार्ल्स गोरिंग या इंग्रज डॉक्टरानें सुमारें तीन हजार कैद्यांचीं मापें इतर लोकांच्या मापांशीं ताडून पाहिलीं, तेव्हां लोंब्रोसोनें वर्णिलेला निराळा शारीरिक वर्ग मुळीं सांपडलाच नाहीं. दैवाचा खेळ असा कीं, यहुद्यांच्या द्वेषाविरुद्ध १८९४ सालीं ग्रंथ लिहिणाऱ्या या पुरुषाच्याच देशांत १९३८ सालीं यहुद्यांस जन्मावरून हीन ठरविणारे कायदे झाले!

आमच्याकडे तर हें पाप लोंब्रोसोच्या ग्रंथापूर्वींच कायद्यांत शिरलें होतें. १८७१ सालीं इंग्रज सरकारनें सबंध जमातीच्या जमाती गुन्हेगार म्हणून नोंदविण्याचा कायदा केला आणि १९११ सालच्या कायद्यानें तो मुंबई इलाख्यासही लागू झाला. सोलापुरास तारेच्या कुंपणाआड अशा लोकांची वसाहत होती. तेथें जन्मलेल्या मुलानें कोणता अपराध केला होता? शिक्षा कृत्यास असते, जन्मास नव्हे, हें न्यायाचें पहिलें अक्षर; तेंच या कायद्यानें पुसून टाकलें. स्वराज्य आल्यावर, १९५२ सालीं, तो कायदा रद्द झाला व त्या जमाती विमुक्त ठरल्या.

कागदावरील कायदा रद्द करणें सोपें. मनांतला कायदा रद्द करणें कठीण. दुकानांत चोरी होतांच पुरावा पाहण्यापूर्वीं ज्याची नजर विमुक्तांच्या वस्तीकडे वळते, त्यानें लोंब्रोसोस हसण्याचें कारण नाहीं. त्या बिचाऱ्यानें निदान कवटी तरी तपासली होती. आम्ही तेवढेंही श्रम घेत नाहीं!