डाउन नावाचा एक डॉक्टर

माझी धाकटी लेक जन्मल्यानंतर तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाजूला बोलावलं आणि तिच्या अवस्थेचं नाव सांगितलं. घरात ज्याने त्याने त्या नावाचा आपापल्या परीने अर्थ लावला. सासरे मध्य रेल्वेत होते. त्यांच्या लेखी डाउन म्हणजे मुंबईकडे पाठ करून निघालेली गाडी. सासूबाईंना वाटलं, बुद्धीने खाली राहतो तो डाउन. खोटं कशाला सांगू, मलाही कितीतरी महिने तसंच वाटत होतं. हे एका माणसाचं आडनाव आहे हे कळलं, तेव्हा लेक चार वर्षांची झाली होती. नावाचा राग होता, म्हणून मग मी त्या माणसाच्याच मागे लागले. मिळेल ते वाचलं. राग सगळा गेला असं नाही, पण माणूस मात्र घरातला झाला.

जॉन लँग्डन डाउन यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८२८ चा. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल परगण्यात टॉरपॉइंट नावाचं गाव आहे, तिथे त्यांच्या वडिलांचं दुकान होतं. किराणाही तिथेच आणि औषधंही तिथेच. जॉन हे घरातलं शेंडेफळ. चौदाव्या वर्षाच्या आसपास त्यांची शाळा सुटली आणि ते दुकानात उभे राहिले. पुड्या बांधणं, वजनं टाकणं, सुटे पैसे मोजून देणं हे त्यांचं पहिलं शिक्षण. ही गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

अठराव्या वर्षाच्या सुमाराची एक आठवण त्यांनी उतारवयात सांगितली आहे. कुटुंबासह फिरायला गेले असता जोराचा पाऊस आला म्हणून सगळे एका खेडुताच्या घरात शिरले. तिथे बुद्धीने मागे असलेली एक मुलगी पाहुण्यांचं हवं नको बघत होती. हिच्यासाठी काहीच करता येणार नाही का, हा प्रश्न त्या दिवसापासून त्यांच्या मनात राहिला. प्रत्येक थोर माणसाच्या चरित्रात असा एखादा पाऊस पडतोच, हे मला ठाऊक आहे. तरीही मला हा खरा वाटतो, कारण त्या मुलीचा चेहरा किंवा तिची व्यथा यांऐवजी त्यांच्या लक्षात राहिलं ते तिचं काम.

पुढे लंडन. आधी औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत उमेदवारी, मग प्रकृती ढासळली म्हणून गावी परत, आणि वडील गेल्यावर १८५३ साली, वयाच्या पंचविशीत, लंडन हॉस्पिटलमध्ये वैद्यकीचं शिक्षण. तिथे पदकं मिळवली. नामांकित डॉक्टर म्हणून नाव काढायचं सोडून १८५८ साली त्यांनी सरे परगण्यातल्या अर्ल्सवुड या संस्थेचं अधीक्षकपद घेतलं, तेव्हा बरोबरीचे लोक चकित झाले. मतिमंदांसाठीची ती देशातली मोठी संस्था. राणी व्हिक्टोरियाचा आश्रय असला तरी आतली अवस्था दारुण होती. अस्वच्छता होती, माणसं फार मरत होती, मारहाण चालत होती. डाउन यांचं वय एकोणतीस, आणि या कामाचा अनुभव शून्य.

त्यांनी शिक्षा बंद केली. स्वच्छता आणली. जेवताना सुरी-काटा हातात दिला. माणसाने माणसासारखं टेबलाशी बसून जेवावं, एवढंच त्यामागे. शिवाय ते छायाचित्रं काढत. त्यांनी घेतलेली तिथल्या रहिवाशांची दोनशेहून अधिक छायाचित्रं आजही आहेत. बहुतेकांना नीट कपडे घालून, एखाद्या घरंदाज कुटुंबातल्या फोटोसारखं बसवलं आहे. त्या काळी अशा मुलांना घरातले लोकही पाहुण्यांसमोर आणत नसत. आपल्याकडे तरी कुठे आणत होते?

आता त्या दुकानाकडे येते. या मुलांना पैशाचे व्यवहार कसे शिकवावेत, यावर डाउन यांचं म्हणणं असं होतं की पाठांतराने ते येत नाहीत, दुकान मांडावं लागतं. वर्गात तराजू ठेवायचा, वजनं-मापं ठेवायची, वस्तू ठेवायच्या. एकाने दुकानदार व्हायचं, बाकीच्यांनी गिऱ्हाईक. नाणी हाताळायची, माल तोलायचा, चूक झाली तर पुन्हा तोलायचा. घड्याळही असंच काटे फिरवून शिकायचं. आधी शरीर, हात, डोळे, जीभ, आणि मग अक्षरं. जड जिभेला व्यायाम दिला तर बोलणं पुष्कळ सुधारतं, असंही त्यांनी लिहून ठेवलं. आज स्पीच थेरपिस्ट माझ्या लेकीकडून जे करून घेतात, त्याची मुळं मला तिथे दिसतात. आणि टॉरपॉइंटचं ते दुकानही दिसतं.

हे वाचलं त्या सुमारास आमच्याकडे पाढ्यांवरून रोज रडारड चालली होती. लेक आठ वर्षांची. एका शाळेने आधीच हात वर केले होते, दुसरीने घेतलं होतं पण वही कोरीच यायची. मी सासऱ्यांना विचारलं आणि त्यांनी माळ्यावरचा जुना तराजू काढला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर दुकान लागलं. तूरडाळ, शेंगदाणे, गूळ. आजोबा गिऱ्हाईक, तेही भांडकुदळ. दहाच्या नोटेचे सुटे द्यायला तिला सात महिने लागले. सातच म्हणते, कारण वहीवर दोन वर्षांत काही झालं नव्हतं. या मुलांना कानाने ऐकलेलं निसटतं, डोळ्यांनी पाहिलेलं आणि हाताने केलेलं राहतं, हे आता तज्ज्ञही सांगतात. कित्येकांचं ऐकणंही कमी असतं. त्यामुळे मूल लक्ष देत नाही म्हणण्याआधी कान तपासून घ्यावेत, हे मी प्रत्येक नव्या आईला सांगते.

आता रागाबद्दल. १८६६ साली डाउन यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. अर्ल्सवुडमधल्या काही मुलांचे चेहरे सख्ख्या भावंडांइतके सारखे दिसतात, हे त्यात त्यांनी नेमकं टिपलं. ही मुलं नकला छान करतात, विनोदी असतात, आणि शिकवल्यावर अपेक्षेपेक्षा पुष्कळ पुढे जातात, हेही टिपलं. जन्मानंतरच्या कुठल्या अपघाताने हे होत नाही, जन्मतःच असतं, हेही बरोबर. पण या चेहऱ्यांचं साम्य त्यांनी मंगोल वंशाशी जोडलं आणि तेच नाव दिलं. आईबापांच्या क्षयरोगाकडे कारण म्हणून बोट दाखवलं. दोन्ही साफ चूक. त्यांची बाजू घेणारे सांगतात की, एका वंशाच्या घरात दुसऱ्या वंशाच्या चेहऱ्याचं मूल जन्मतं म्हणजे सगळी माणसं मुळात एकच, असं त्यांना म्हणायचं होतं आणि गुलामगिरीच्या समर्थकांना ते उत्तर होतं. असेल. पण शब्द एकदा सुटला की त्यामागचा हेतू कोण बघतो? ते नाव जवळजवळ शंभर वर्षं मुलांना चिकटून राहिलं. आणि मुलाच्या अवस्थेचं कारण आईबापांत शोधायची खोड तर अजून गेलेली नाही. ग्रहणात मी विळीवर बसले होते का, असं मला विचारणाऱ्या बायका चांगल्या शिकलेल्या होत्या.

अर्ल्सवुड त्यांनी १८६८ साली सोडलं. रहिवाशांच्या हातच्या वस्तू पॅरिसच्या प्रदर्शनात मांडायचा खर्च मंडळाने नाकारला, म्हणून तो त्यांनी खिशातून केला. शिवाय पत्नी मेरी तिथे राबत होत्या, त्याचं त्यांना वेतन नव्हतं. मग नवरा-बायकोने लंडनजवळ हॅम्प्टन विक इथे नॉर्मन्सफील्ड ही स्वतःची संस्था काढली. विशीच्या आत मुलं होती, ती पुढे शंभरावर गेली. बागकाम, सुतारकाम, घोड्यावर बसणं आणि १८७९ पासून चक्क रंगवलेल्या पडद्यांचं नाट्यगृह. कारभार सगळा मेरीबाईंचा. हे मात्र सांगायला हवं की तिथली फी श्रीमंतांनाच परवडणारी होती. पावसातल्या त्या झोपडीतल्या मुलीला नॉर्मन्सफील्डची पायरी चढता आली नसती.

घरात दुःखंही झाली. एक मुलगी लहानपणी गेली, एक तरणा मुलगा १८८३ साली गेला. ऑक्टोबर १८९६ मध्ये डाउन वारले. रेजिनाल्ड आणि पर्सिव्हल हे दोन्ही मुलगे डॉक्टर होऊन त्याच संस्थेत उतरले होते. आणि १९०५ साली रेजिनाल्ड यांना मुलगा झाला. त्याचं नाव आजोबांचंच, जॉन. त्याला तीच अवस्था होती, जी आजोबांनी जगाला ओळखायला शिकवली होती.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले. तिसऱ्या दिवशीचं ते बाजूला बोलावणं त्या घरात कसं झालं असेल? कुणाला काही सांगावं लागलं नसेल, बापाने मुलाच्या तळहाताकडे बघितलं असेल आणि समजलं असेल. पुढच्याच वर्षी रेजिनाल्ड यांनी या मुलांच्या तळहातावरच्या आडव्या रेषेकडे वैद्यकीय जगाचं लक्ष वेधलं. जॉन नॉर्मन्सफील्डमध्येच वाढला.

कारण कळायला १९५९ साल उजाडावं लागलं. जेरोम लजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅरिसमध्ये दाखवलं की या मुलांच्या पेशीत एकविसाव्या जोडीत एक गुणसूत्र जास्त असतं, शेहेचाळीसऐवजी सत्तेचाळीस. पेशी प्रयोगशाळेत वाढवण्याचं किचकट काम मार्थ गोतिए या बाईंचं, श्रेय बराच काळ दुसऱ्यांचं. म्हणजे क्षय नाही, ग्रहण नाही, विळी नाही. १९६१ साली काही शास्त्रज्ञांनी जुनं नाव टाकावं असं लॅन्सेटला कळवलं, १९६५ मध्ये मंगोलियाच्या प्रतिनिधींनी जागतिक आरोग्य संघटनेकडे तोच आग्रह धरला, आणि डाउन हे आडनाव रूढ झालं.

आपल्या मुंबईत, १९४४ साली, वकील नावाच्या एका पारशी दांपत्याने आपल्या अशाच लेकीसाठी राहत्या घरात वर्ग सुरू केला, त्याची पुढे जय वकील शाळा झाली. एका मुलीपायी शाळा काढणारे आईबाप आपल्याकडेही निघाले. नॉर्मन्सफील्डचं रुग्णालय १९९७ मध्ये बंद झालं, पण ते नाट्यगृह उभं आहे आणि तिथेच आता इंग्लंडमधल्या डाउन सिंड्रोम असलेल्या लोकांच्या संघटनेचं कार्यालय आहे.

लेक आता बावीस वर्षांची आहे. सासरे गेले, तराजू आहे. रविवारी सकाळी कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे तीच जाते. परवा तिने कोथिंबिरीची जुडी परत नेऊन दिली. पिवळी पडली होती म्हणाली, आणि पाच रुपये माझ्या हातावर मोजून ठेवले.