मोठा मासा पाळायचाय, पण टाकी हलकी हवी? हे कोडं १८३२ साली एका शिवणकाम करणाऱ्या बाईने सोडवलं होतं

ऑस्कर फूटभर वाढतो, अरोवाना तर दोन-अडीच फूट. नगरमधल्या फ्लॅटमध्ये असला मासा पाळायचा म्हटलं की पहिला प्रश्न टाकीचा येतो. मोठी हवी, पण हलकीही हवी.

हा प्रश्न जुनाच आहे आणि त्याचं पहिलं पक्कं उत्तर देणारी बाई होती झान व्हिलप्रू-पॉवर.

झानचा जन्म १७९४ सालचा, फ्रान्समधल्या जुयाक गावचा. बाप चांभारकाम करायचा. अठराव्या वर्षी ही पोरगी ४०० किलोमीटरहून जास्त अंतर पायी तुडवत पॅरिसला पोचली आणि शिवणकामाला लागली. हातात कसब असं, की १८१६ साली राजघराण्यातल्या लग्नात नवरीचा पोशाख तिने केला. त्यातून नाव झालं. पुढे जेम्स पॉवर या इंग्रज व्यापाऱ्याशी ओळख झाली, १८१८ साली लग्न झालं आणि ती सिसिली बेटावर मेसिना बंदरात राहायला गेली.

समोर समुद्र. झानला त्यातल्या जिवांचं वेड लागलं. शाळा-कॉलेजची पदवी नव्हती, सगळं स्वतःच शिकली.

तेव्हा एक वाद गाजत होता. अर्गोनॉट नावाचा ऑक्टोपसचा भाऊबंद पातळ पांढऱ्या शिंपल्यात राहतो. तो शिंपला तो स्वतः बनवतो की दुसऱ्याचा ढापतो? शास्त्रज्ञांच्या हाती यायचे ते मेलेले नमुने. जिवंत प्राणी बघायचा कसा?

आपल्याकडचा फराहबाग आठवा. निजामशाहीतला हा महाल पाण्याच्या तलावात बांधलेला. अशा तलावातला मासा बघायचा तर वरून वाकून. बाजूने काही दिसत नाही.

झानने १८३२ साली काचेची टाकी बनवली. पण एकाच टाकीवर ती थांबली नाही, तिने तीन प्रकार केले. छोट्या जिवांसाठी घरात ठेवायची काचेची टाकी. दुसरी काचेचीच, पण बाहेरून पिंजऱ्याचं संरक्षण असलेली, समुद्रात बुडवायची. आणि मोठ्या जिवांसाठी सरळ पिंजरा, समुद्रात नांगरून ठेवलेला.

खरी अक्कल या तिसऱ्यात आहे. वजन टाकीपेक्षा पाण्याचं असतं. मोठ्या जिवासाठी तिने पाणी घरात आणलंच नाही, पिंजरा पाण्यात नेला. आज धरणांमध्ये पिंजरा पद्धतीने मत्स्यपालन चालतं, त्यामागचा विचारही हाच.

या टाक्यांमुळे तिला अर्गोनॉट अंड्यातून बाहेर आल्यापासून बघता आला. शिंपला तो स्वतःच बनवतो आणि फुटला तर दुरुस्तही करतो, हे तिने दाखवून दिलं.

मग घात झाला. १८३८ साली तिचे नमुने आणि चित्रं लंडनला नेणारं जहाज बुडालं. बरीच वर्षांची मेहनत तळाला गेली. त्यानंतर ती लिहीत राहिली, पण नवं संशोधन जवळपास थांबलं. १८७१ साली जन्मगावी, जुयाकलाच तिचं निधन झालं. पुढे तिचं नाव विस्मरणात गेलं. १९९७ साली शुक्र ग्रहावरच्या एका विवराला तिचं नाव देण्यात आलं.

आता आपला हिशोब. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत साधारण २५५ लिटर पाणी मावतं, म्हणजे तेवढेच किलो. ॲक्रिलिक वजनाला काचेच्या निम्म्याहून कमी असतं, ओरखडे मात्र लवकर पडतात. पण टाकी कशाचीही घ्या, पाण्याचं वजन तेवढंच राहणार. म्हणून तळमजला किंवा अंगण असेल, तर मोठ्या माशाला जमिनीवरचा हौद बरा. वरच्या मजल्यावर राहत असाल, तर मासाच लहान निवडा.

नाहीतर काय होतं? मासा वाढतो, टाकी पुरत नाही आणि लोक तो नदीत सोडून येतात. शोभेच्या टाक्यांमधला सकर मासा आज उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात येतो, जाळी फाडतो आणि त्याला गिऱ्हाईक मिळत नाही.

झान आधी जीव बघायची, मग त्याला साजेशी टाकी बनवायची. दुकानात जाताना एवढा क्रम पाळला तरी पुष्कळ.